एकशे सव्वीस ठोके, दोन झोन

पनवेलच्या वडाळे तलावाच्या कडेने तिसरी फेरी चालू होती. सहा वाजून गेले होते, नुकतं उजाडत होतं. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधलेला होता आणि फोनमध्ये मी मुद्दाम दोन ॲप चालू ठेवली होती. दोन्हींना आकडा एकाच पट्ट्याकडून मिळत होता, त्यामुळे तो दोन्हीकडे सारखाच होता : मिनिटाला १२६ ठोके. पहिल्या ॲपने नारिंगी अक्षरांत ‘झोन तीन’ दाखवलं आणि वेग कमी करायला सांगितलं. दुसऱ्याने त्याच क्षणी ‘झोन एक’ दाखवून वेग वाढवायला सांगितलं.

हृदय एक, पट्टा एक, आकडा एक आणि सल्ले दोन, तेही उलट दिशांचे. मी फेरी अर्धी सोडली, बाकावर बसले आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही ॲपचं गणित मांडायला घेतलं.

माझं वय ५२. शाळेत विज्ञान शिकवते. वर्षभरापूर्वी रक्ततपासणीत साखर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि वेगाबद्दल एकच वाक्य बोलले : “बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चाला.” मला ते वाक्य फार मोघम वाटलं. मला आकडा हवा होता. भाच्याने पट्टा आणून दिला, ॲप घालून दिलं, आणि तेव्हापासून मी त्या रंगीत पट्ट्यांच्या आत राहायचा मनापासून प्रयत्न करत होते. म्हणूनच त्या सकाळी हा उलगडा व्हायलाच हवा होता.

झोन म्हणजे काय, हे आधी सांगते. एखाद्याचं हृदय पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके देऊ शकेल, तो आकडा धरायचा. त्याच्या ५० ते ६० टक्के म्हणजे झोन एक, ६० ते ७० म्हणजे दोन, असं करत ९० ते १०० म्हणजे पाच. बहुतेक ॲपमध्ये अशा पाच पायऱ्या असतात. पहिल्या दोन निवांत, तिसरी मध्यम, चौथीत धाप लागते, पाचवी फार वेळ सोसत नाही. सगळी इमारत उभी आहे ती त्या ‘जास्तीत जास्त’ आकड्यावर. आणि तो आकडा ॲपला कोण सांगतं? आपण फक्त जन्मतारीख भरलेली असते. ॲप २२० मधून आपलं वय वजा करतं. माझे झाले १६८.

हे २२० कुठून आलं, याची गोष्ट प्रत्येक चालणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवी असं मला वाटतं. सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे अमेरिकेत हृदयरोग आणि व्यायाम यांवर काम करत होते. हृदयविकाराच्या रुग्णांना किती जोराचा व्यायाम द्यावा, याचा अंदाज त्यांना हवा होता. तोवर झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांमधले आकडे त्यांनी एका आलेखावर मांडले. वय वाढतं तसे कमाल ठोके कमी होतात हे त्यात दिसत होतं, आणि त्या ठिपक्यांमधून ओढलेली रेघ साधारण २२० वजा वय अशी येत होती. १९७१ साली ते छापून आलं. सर्व वयांच्या, सर्व प्रकारच्या माणसांची काळजीपूर्वक निवड करून केलेला हा प्रयोग नव्हता. ती एक सोयीची रेघ होती. पण लक्षात ठेवायला इतकी सोपी, की व्यायामशाळांच्या भिंतींवर, ट्रेडमिलच्या पट्टीवर आणि शेवटी आपल्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसली.

त्यानंतर बरंच काम झालं. २००१ साली हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांमधल्या १८ हजारांहून अधिक लोकांचे आकडे एकत्र केले आणि २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. त्याने माझे कमाल ठोके १७२ येतात. २०१० साली मार्था गुलाटी यांनी ५,४३७ निरोगी स्त्रियांच्या चाचण्यांवरून फक्त स्त्रियांसाठी सूत्र काढलं : २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. त्याने माझे येतात १६०. म्हणजे मी एकच बाई, आणि माझी कमाल मर्यादा १६०, १६८ किंवा १७२. माझ्या दोन्ही ॲपनी मी स्त्री आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. वजन आणि उष्मांकासाठी ते वापरलंही असेल, पण ठोक्यांच्या गणितात त्याचा उपयोग केलेला दिसत नव्हता.

यापलीकडची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यातलं कुठलंही सूत्र सरासरी सांगतं. एकाच वयाच्या माणसांमध्ये प्रत्यक्ष कमाल ठोके सरासरीच्या दहा-बारा वर किंवा खाली असणं अगदी सामान्य आहे, आणि काहींच्या बाबतीत फरक वीसच्याही पुढे जातो. हा फरक तंदुरुस्तीचा नसतो. जसं कुणाचं बोट लांब आणि कुणाचं आखूड, तसंच हे. ज्याचे कमाल ठोके १८५ आहेत त्याला १६८ वर आखलेले झोन सतत अडवत राहतात, आणि ज्याचे १५० आहेत त्याला तेच झोन दमवून टाकतात. दोघांच्याही फोनवर अक्षरं तितक्याच ठामपणे उमटतात.

आता माझ्या दोन ॲपचं भांडण. पहिलं ॲप कमाल ठोक्यांची थेट टक्केवारी काढत होतं. १६८ चे ७५ टक्के म्हणजे बरोबर १२६, म्हणून झोन तीन. दुसरं ॲप विश्रांतीचे ठोकेही हिशेबात घेत होतं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी माझे ठोके ६८ असत. १६८ मधून ६८ गेले की उरतात १००. हे माझे राखीव ठोके. श्रमासाठी हृदयाकडे शिल्लक आहे ती एवढीच, कारण ६८ तर नुसतं पडून असतानाही खर्च होतात. १२६ म्हणजे ६८ च्या वर ५८. शंभरातले ५८ म्हणजे ५८ टक्के, म्हणून झोन एक.

ही दुसरी रीत फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांची, १९५७ सालची. मला ती जास्त पटते, कारण ती माणसाला ओळखून मोजते. रोज पळणाऱ्या तरुणाचे विश्रांतीचे ठोके ५० असू शकतात, घरात बसून असलेल्याचे ८५. दोघांनाही सारख्याच पट्टीने मोजणं योग्य नाही. पण खरी चूक कुठल्याच रीतीत नव्हती. चूक होती दोन्ही रीतींना एकच टक्केवारी लावण्यात. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही संस्था मध्यम व्यायामाची व्याख्या करताना दोन वेगळे आकडे देते : कमाल ठोक्यांच्या ६४ ते ७६ टक्के, किंवा राखीव ठोक्यांच्या ४० ते ५९ टक्के. माझ्यासाठी दोन्ही काढून पाहिले. पहिल्याने १०८ ते १२८ आले. दुसऱ्याने १०८ ते १२७. बाकावर बसल्या बसल्या मला इतका आनंद झाला, की शेजारी बसलेल्या ओळखीच्या आजींना मी तो हिशेब पूर्ण समजावून सांगितला. त्यांनीही शेवटपर्यंत ऐकला.

म्हणजे १२६ ला मी मध्यम व्यायामाच्या वरच्या टोकाला होते आणि अगदी ठीक होते. हळू होण्याचीही गरज नव्हती आणि वेग वाढवण्याचीही. एखादं ॲप वापरायला घेताना त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यांदा हेच पाहावं : झोन कशाच्या टक्क्यांनी काढले आहेत, आणि स्वतःचे आकडे भरायची सोय आहे का. चांगल्या ॲपमध्ये ती असते. शोधावी लागते, एवढंच.

हे सगळं गृहीत धरतं की मुळात मोजलेला आकडा खरा आहे. तिथेही लक्ष द्यावं लागतं.

नाडी आपल्याकडे फार पूर्वीपासून पाहिली जाते. शार्ङ्गधराच्या संहितेत वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते असं वर्णन आहे. तिथे पाहायची ती चाल. मिनिटाचा हिशेब तिथे नाही. मिनिटाला किती, असा प्रश्न विचारायला मिनिट दाखवणारं घड्याळ लागतं. इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ बनवून घेतलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. यंत्राशिवाय मोजायची भरवशाची रीत आजही तीच आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजायचं, चारने गुणायचं. सातवीच्या वर्गात मी हे दरवर्षी करून घेते. आधी बसून मोजायचं, मग जागच्या जागी तीस उड्या मारून. दुसरा आकडा ऐकताना मुलांचे डोळे मोठे होतात.

चालता चालता मात्र बोटांनी मोजणं अवघड, म्हणून यंत्र. मनगटी घड्याळाच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो तो पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. घड्याळ हे चढउतार मोजतं. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून फ्लॅशच्या उजेडात ठोके मोजणारी ॲप याच तत्त्वावर चालतात. बसून मोजायला ती ठीक आहेत, चालताना निरुपयोगी. घड्याळाची अडचण अशी, की हात हलला की कातडीखालचं रक्तही हिंदकळतं, आणि ती हालचाल ठोक्यांत मिसळते. पट्टा सैल असेल तर जास्तच. कधी कधी घड्याळ चक्क पावलं मोजू लागतं. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला १६० ते १७० पडतात, आणि स्क्रीनवर ठोके म्हणून तोच आकडा येऊन बसतो. असा संशय आला तर थांबून बघावं. खरे ठोके हळूहळू उतरतात. पावलांवरून घेतलेला आकडा थांबताच धाडकन खाली येतो.

छातीचा पट्टा वेगळं काम करतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी स्नायूंतून एक सूक्ष्म विद्युतलहर जाते, ती तो कातडीवरून टिपतो. ईसीजी काढताना टिपतात तीच. नेदरलँड्सच्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नोंदवली, तेव्हा माणसाला खुर्चीत बसवून त्याचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. त्या कामाला १९२४ साली नोबेल मिळालं. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून ती भांडी. माझ्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला मी बांधण्याआधी पाण्याचा हात फिरवते, तेही त्याचसाठी. सुरुवातीची पाच मिनिटं आकडा वेडावाकडा उडत असेल तर पट्टा कोरडा आहे, हृदयाला काही झालेलं नाही. पनवेलमध्ये पाच मिनिटांनी घाम सगळं काम करून टाकतो.

दवाखान्यातल्या यंत्रापासून छातीच्या पट्ट्यापर्यंतचा प्रवास पुन्हा फिनलंडमधूनच झाला. बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंना सराव करताना ठोके कळावेत म्हणून सेप्पो सायनायाकांगस या प्राध्यापकांनी हे काम हाती घेतलं. त्यांची पोलार कंपनी १९७७ साली सुरू झाली, आणि १९८२ मध्ये तारेशिवाय ठोके दाखवणारं मनगटी यंत्र बाजारात आलं.

फिनलंडच्या थंडीत जन्मलेली ही वस्तू पनवेलच्या हवेत वापरताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि ती मला दोन ऋतू गेल्यावर कळली. माझ्या वहीत जानेवारीतल्या एका सकाळची नोंद आहे : चार फेऱ्या, सरासरी ठोके ११६. मे महिन्यात त्याच चार फेऱ्या, तेवढ्याच वेळात, सरासरी १२९. मी त्या चार महिन्यांत आळशी झाले नव्हते. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या हवेत ओल भरलेली. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मग शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवतं. तेवढं रक्त हृदयाकडे परतायला कमी पडतं, घामाने पाणीही घटलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त बाहेर पडतं. ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. म्हणून दमट सकाळी, वेग अजिबात न वाढवताही, तिसऱ्या-चौथ्या फेरीला आकडा वर सरकत जातो. ॲपला हवा कळत नाही. त्याला वाटतं, तुम्ही जोर वाढवला.

अशा वेळी काय करावं? मी वेग कमी करते. उकाड्यात वाढलेले ठोके खोटे नसतात. हृदय खरोखरच तेवढं जास्त काम करत असतं. मे आणि ऑक्टोबरमध्ये माझ्या फेऱ्या सव्वाचार मिनिटं उशिरा संपतात, आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. पाणी आधी पिऊन निघते. जुलैमध्ये पाऊस कोसळत असेल तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालते.

इथे चरबी जाळणाऱ्या झोनबद्दल थोडं. पुष्कळ ॲपमध्ये दुसऱ्या झोनवर तसं नाव लिहिलेलं असतं. कमी जोराच्या व्यायामात खर्च होणाऱ्या ऊर्जेतला चरबीचा वाटा जास्त असतो, हे खरं. पण एकूण खर्चच कमी असतो. वजन उतरतं ते एकूण हिशेबाने. हळू चालण्याचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे : ते रोज करता येतं, सांधे दुखत नाहीत, आणि स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका त्याने वाढतात. जागतिक दर्जाचे लांब पल्ल्याचे खेळाडूसुद्धा आपला सुमारे ८० टक्के सराव निवांत वेगाने करतात, हे स्टीफन सायलर यांनी त्यांच्या नोंदी तपासून दाखवलं. आपण मात्र तलावाभोवती पुढच्याला गाठायच्या नादात रोज अर्धवट धापेत चालतो. धड निवांत नाही, धड जोराचं नाही.

स्वतःची वरची मर्यादा सूत्रावर न सोडता शोधता येते का, या प्रश्नाने मला शेवटी डॉक्टरांच्या त्या वाक्याकडे परत नेलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ला क्रॉस इथल्या विद्यापीठात कार्ल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बोलून पाहण्याच्या’ चाचणीवर बरीच वर्षं काम केलं. माणसाला ट्रेडमिलवर किंवा सायकलवर ठेवायचं, दर थोड्या वेळाने जोर वाढवायचा आणि प्रत्येक पायरीला ठरलेला मजकूर मोठ्याने म्हणायला लावायचा. मजकूर म्हणून त्यांनी तिकडच्या शाळांत म्हणतात ती राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा वापरली. मग विचारायचं : आरामात बोलता येतंय का? ‘हो’ हे उत्तर जिथे डळमळू लागतं, ती जागा प्रयोगशाळेत श्वासाची यंत्रं लावून काढलेल्या उंबरठ्याच्या अगदी जवळ निघाली.

यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. बोलायला लांब उच्छ्वास लागतो. वाक्य संपेपर्यंत श्वास रोखून हळूहळू सोडावा लागतो. व्यायामाचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत आम्ल साठू लागतं, ते निवारताना जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो बाहेर टाकायला श्वास जलद व्हावाच लागतो. शरीराला तेव्हा वाक्यासाठी थांबायला सवड नसते. वाक्य मध्येच तुटतं. तो तुटलेला शब्द हे शरीराच्या रसायनाचं मापच असतं.

प्रतिज्ञा तर मी सव्वीस वर्षं रोज सकाळी परिपाठाला म्हणत आले आहे. पुढच्या रविवारी वडाळे तलावावर गर्दी व्हायच्या आत पोहोचले. दहा मिनिटं सावकाश चालून अंग मोकळं केलं. मग दर दोन मिनिटांनी वेग थोडा वाढवायचा, दोन मिनिटं संपताना प्रतिज्ञा पूर्ण म्हणायची आणि लगेच आकडा पाहायचा. दोन मिनिटं अशासाठी, की वेग बदलला तरी ठोक्यांना नव्या पातळीवर यायला वेळ लागतो. लगेच पाहिलं तर मागचाच आकडा दिसतो. ११२ ला प्रतिज्ञा सहज झाली. १२१ ला झाली. १२८ ला झाली, शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यावा लागला. १३४ ला दुसऱ्याच वाक्यात शब्द तुटला आणि पुढचं म्हणवेना. तिथे थांबले. आणखी एका रविवारी पुन्हा केलं, तेव्हा १३३ आलं.

त्या संध्याकाळी ॲपमधले तयार झोन पुसून माझे स्वतःचे भरले. खालची मर्यादा १०८, वरची १३०. खालचा गजर बंद केला. ‘वेग वाढवा’ हे ऐकायची मला गरज नाही, रस्त्यात कुणी भेटलं तर मी थांबणारच. वरचा गजर ठेवला. आता फोन खिशात असतो. गजर वाजला तर पावलं मंद करते, एरवी झाडं बघते.

हे कुणालाही करता येईल, पण कुणी करू नये तेही सांगायला हवं. आमच्याबरोबर फेऱ्या मारणारे एक काका रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात. त्या गटातली औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. त्यांचं कामच ते आहे. काका घामाघूम झाले तरी आकडा १०० च्या पुढे जात नसे, आणि त्यांचं ॲप त्यांना रोज आणखी जोरात चालायला सांगत असे. ते ऐकतही होते. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि डॉक्टरांनी आकडा बघायचाच नाही असं सांगितलं. अशी औषधं घेणाऱ्यांसाठी वयावरून काढलेला एकही झोन लागू नाही. त्यांनी बोलून पाहावं, किंवा देखरेखीखाली चाचणी करून घ्यावी. हृदयाची लय अनियमित असणाऱ्यांच्या बाबतीत घड्याळाचा आकडाच भरवशाचा राहत नाही. रक्तात लोह कमी असेल, थायरॉइड वाढलेलं असेल, आदल्या दिवशी ताप येऊन गेला असेल, तर ठोके उगाच वर जातात. आणि छातीवर दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर स्क्रीनवर कुठलाही रंग असो, तिथल्या तिथे थांबून मदत मागायची. हे मी आग्रहाने लिहिते आहे, कारण ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचं दिसलं, इतर ठिकाणच्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. माझ्या वयाच्या लोकांना तलावावर मी रोज पाहते. सकाळी फेऱ्या मारून, घरी जाऊन, डबा घेऊन लोकल गाठायला स्टेशनचा पूल धावत चढणारी ही माणसं आहेत. त्यांच्या दिवसातला सगळ्यात जोराचा व्यायाम तो पूल असतो, आणि त्या वेळी कुणाचाच पट्टा लावलेला नसतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी कर्नाळ्याला गेलो. मुंबई-गोवा रस्त्याने, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण मागे टाकून. पक्षी अभयारण्याच्या दारापासून किल्ल्याची वाट जंगलातून चढत जाते, आणि चढ सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच माझा १३० चा गजर वाजला. सपाटीवर पाळलेली मर्यादा डोंगरावर पाळायची तर पावलं फार लहान टाकावी लागतात. मी टाकली. बाकीच्या तिघी पुढे गेल्या, थांबल्या, पुन्हा निघाल्या. मी थांबले नाही, आणि जंगल संपून वर कातळ दिसू लागला तिथे आम्ही चौघी एकत्रच होतो.

शेवटच्या टप्प्याला मी गजर बंद केला. डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं. त्यांनी तपासणी करून, कधीतरी जोर लागला तरी चालेल असं सांगितलं होतं. दरवाजातून आत शिरलो तेव्हा प्रतिज्ञेतला एक शब्दही तोंडातून निघाला नसता. सुळक्याच्या पायथ्याशी सावलीत बसले आणि लगेच पाहिलं : १५१. तिथे एक शेवटची गोष्ट मोजायची होती. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात, हे हृदयाच्या तब्येतीचं चांगलं लक्षण आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवलं होतं की ट्रेडमिलच्या चाचणीनंतर पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमीच ठोके उतरणाऱ्यांना पुढच्या काही वर्षांत धोका जास्त असतो. त्यांची चाचणी वेगळ्या पद्धतीची, माझी कातळावर बसून केलेली, त्यामुळे आकड्याची तुलना मी फक्त स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी करते. एप्रिलमध्ये जिने चढून मोजलं होतं तेव्हा मिनिटात १६ उतरले होते.

मैत्रिणीने सेकंद मोजले. सुळक्यावरच्या मधमाश्यांच्या पोळ्यांमुळे आम्ही हळू आवाजात बोलत होतो. मिनिट संपलं तेव्हा स्क्रीनवर १२५ होतं. खरं वाटेना, म्हणून मनगटावर दोन बोटं ठेवून पुन्हा मोजले : पंधरा सेकंदांत तीस, आणि ते अजून उतरत होते.